वकील कुणाला काय देणं लागतो? पक्षकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं कोर्टात काम केल्यावर एक गोष्ट माझ्या मनात घट्ट बसली आहे. पक्षकार न्यायाधीशांना जितका बिचकत नाही, तितका स्वतःच्या वकिलाला बिचकतो. फीची पावती मागताना त्याची जीभ अडखळते. ‘साहेब, गेल्या तारखेला काय झालं?’ हे विचारायलाही तो दहादा विचार करतो. वकिलाने कसं वागायचं याचे नियम लेखी आहेत आणि ते पक्षकाराच्या संरक्षणासाठीच केलेले आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. खालचे प्रश्न मला पुन्हापुन्हा विचारले गेलेले आहेत. उत्तरं भारतातल्या कायद्यापुरती आहेत.

हे नियम नक्की आहेत कुठे?

मूळ कायदा म्हणजे १९६१ चा अधिवक्ता अधिनियम. त्याच्या कलम ४९ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम केले. त्यातल्या सहाव्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात वकिलाची कोर्टाप्रति, पक्षकाराप्रति, विरुद्ध पक्षाप्रति आणि सहकारी वकिलांप्रति असलेली कर्तव्यं एकेक करून लिहिली आहेत. सनद (वकिलीचा परवाना) देण्याचं आणि तक्रारी ऐकण्याचं काम राज्याची बार कौन्सिल करते. आपल्याकडे ती ‘बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा’.

या नियमांच्या प्रस्तावनेत एक विचार आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. सामान्य माणसाने केली तर जी गोष्ट कायदेशीर आणि नैतिकही ठरेल, तीच वकिलाने केली तर अनुचित ठरू शकते. पुढची बरीच उत्तरं या एका विचारातून निघतात.

मी फी देतो, म्हणजे वकील माझा. मग तो ‘कोर्टाचा अधिकारी’ कसा?

तो दोन्ही आहे, आणि या पेशातली खरी ओढाताण इथेच आहे. नियम म्हणतो की पक्षकाराच्या हितासाठी वकिलाने निर्भयपणे लढायचं, त्यात स्वतःला काय त्रास होईल याची पर्वा करायची नाही. पण लढायचं ते रास्त आणि सन्मान्य मार्गांनीच. पक्षकार आडमार्गाने जाऊ लागला तर त्याला आवरण्याचा प्रयत्न करणं हेही वकिलाचंच काम. तरीही तो ऐकत नसेल तर त्याचं काम सोडणं नियमाला धरून आहे. वकिलाने पक्षकाराचा नुसता भोंगा होऊ नये, स्वतःची विवेकबुद्धी वापरावी, असा नियमाचा रोख आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा. तुमच्या बाजूचे सगळे मुद्दे मांडणं, समोरच्याच्या साक्षीदाराची कसून उलटतपासणी घेणं, कायद्यातली प्रत्येक सवलत मागणं, हे त्याने केलंच पाहिजे. खोटा साक्षीदार उभा करणं, जुनी तारीख टाकून कागद तयार करणं, अर्धवट वाचून निवाड्याचा अर्थ फिरवणं, हे त्याने करता कामा नये. तुम्ही कितीही विनवलंत तरी. अशा वेळी नाही म्हणणारा वकील तुमच्या विरोधात गेलेला नसतो. खोटा कागद उघडा पडला तर फौजदारी कारवाई तुमच्यावरच होते आणि तुमची खरी बाजूही त्याबरोबर बुडते.

आणि एक स्पष्ट सांगतो. प्रलंबित प्रकरणाबद्दल न्यायाधीशांशी खाजगीत बोलायला वकिलाला बंदी आहे. ‘साहेबांशी बोलणं झालंय, थोडा खर्च येईल’ असं कुणी म्हणालं तर तो एकतर खोटं बोलतो आहे किंवा गुन्हा करतो आहे. दोन्ही परिस्थितींत तिथून उठा.

गुन्हेगाराचं वकीलपत्र वकील घेतातच कसे? त्यांना काही वाटत नाही का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग मला समजतो. तरीही उत्तर ठाम आहे. आरोपी दोषी आहे की निर्दोष याबद्दल स्वतःचं मत काहीही असो, वकिलाने त्याचा बचाव करायचा, असं नियमच सांगतो. कारण वकिलाची निष्ठा कायद्याशी आहे, आणि पुरेशा पुराव्याशिवाय कुणाला शिक्षा होऊ नये असं कायद्याचं म्हणणं आहे. आपल्या पसंतीच्या वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे.

२६/११ च्या मुंबई हल्ल्याचा खटला आठवा. कसाबबरोबर आणखी दोन आरोपी त्या खटल्यात होते, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. फहीमचे वकील शाहीद आझमी यांची ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यात त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ३ मे २०१० रोजी, विशेष न्यायालयाने या दोघांना हल्ल्याच्या कटातून निर्दोष सोडलं. उच्च न्यायालयाने आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. त्याच निकालात कसाबची फाशीही कायम झाली. म्हणजे एकाच खटल्यात दोषीला शिक्षा झाली आणि पुरावा नसलेले सुटले. बचावाला कुणी उभंच राहिलं नसतं तर तिघांमधला हा फरक कोर्टापुढे कुणी मांडला असता?

अमुक आरोपीचं वकीलपत्र आमच्यापैकी कुणीही घेणार नाही, असे ठराव कधीकधी वकील संघ करतात. २०१० मध्ये तमिळनाडूतल्या मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव घटनाबाह्य आणि शून्य ठरवले. त्यांचा वकिलांवर कोणताही बंधनकारक परिणाम नाही.

मग आरोपीने वकिलाजवळ ‘मीच केलं’ अशी कबुली दिली तर?

तरीही बचाव करता येतो. फिर्यादी पक्षाचा पुरावा पुरेसा आहे का, तपास कायद्याने झाला का, कलम बरोबर लावलं का, शिक्षा किती असावी, यावर पूर्ण जोराने लढता येतं. मात्र ‘तो त्या रात्री गावातच नव्हता’ असा खोटा साक्षीदार त्याला आणता येत नाही. पुरावा तपासणं आणि पुरावा बनवणं यांतली रेघ ओलांडायची नाही.

सरकारी वकिलाचं कर्तव्य याहूनही कडक आहे. निर्दोषाला शिक्षा होईल अशा रीतीने त्याने खटला चालवायचा नाही. आरोपीचं निर्दोषत्व दाखवू शकेल असा पुरावा त्याने दडवायचा नाही. खटला जिंकणं हे सरकारी वकिलाचं उद्दिष्ट नाही, हे बऱ्याच फिर्यादींना पटत नाही. पण ते तसंच असायला हवं.

मी वकिलाला सांगितलेलं बाहेर फुटणार नाही ना?

फुटता कामा नये. पूर्वीच्या पुरावा कायद्यात कलम १२६ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ त्याच्या जागी आलं. तुम्ही वकिलाला कामासाठी सांगितलेली गोष्ट, दाखवलेला कागद किंवा त्याने दिलेला सल्ला तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करायला त्याला मनाई आहे. वकीलपत्र संपलं तरी मनाई संपत नाही. त्याच्या कारकुनाला आणि दुभाषालाही ती लागू आहे.

अपवाद दोन. बेकायदा कामासाठीच सल्ला घेतलात तर संरक्षण नाही. ‘जमीन माझ्या भावाला कळू न देता खोट्या सहीने कशी विकू?’ या प्रश्नाला गोपनीयतेचं कवच मिळत नाही. आणि वकीलपत्र दिल्यानंतर एखादा गुन्हा किंवा लबाडी घडत असल्याचं वकिलाच्या नजरेला आलं, तर तेही या कवचाबाहेर आहे. झालेल्या गुन्ह्याबद्दल बोलणं सुरक्षित, होणाऱ्या गुन्ह्याची तयारी नाही, असं ढोबळमानाने लक्षात ठेवा.

तपास यंत्रणा वकिलांनाच समन्स पाठवू लागल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. या अपवादांत बसत असल्याशिवाय आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय, पक्षकाराची माहिती काढण्यासाठी त्याच्या वकिलाला बोलावता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

तरुण वकील मित्रांना इथे एक कळकळीची विनंती. घटस्फोटाच्या प्रकरणातले तपशील, नावं झाकून का होईना, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर गंमत म्हणून टाकू नका. लहान तालुक्यात नाव झाकलं तरी माणूस ओळखू येतो.

फी किती असावी? ‘जिंकलो तर एवढे टक्के’ असं ठरवता येतं का?

फीचा आकडा दोघांनी मिळून ठरवायचा. वकिलाची ज्येष्ठता आणि कामाचं स्वरूप यांना साजेशी फी असावी, एवढंच नियम म्हणतो.

टक्केवारी मात्र चालत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं वकिलाला मना आहे. मोटार अपघाताच्या भरपाईत आणि भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यात हा प्रकार सर्रास चालतो आणि पक्षकारही तो गैर मानत नाहीत. आधी पैसे द्यायचे नाहीत, मिळाले तर द्यायचे, गरिबाला हे बरंच वाटतं. मला त्यांची अडचण कळते. पण विचार करा, ज्याला निकालातच हिस्सा आहे, तो तुम्हाला ‘आत्ता तडजोड करा’ किंवा ‘अजून थांबा’ हे कुणाच्या हिताने सांगेल? १९५४ मध्येच सर्वोच्च न्यायालयापुढे असा करार आला होता, वसुलीतला निम्मा वाटा वकिलाला देण्याचा. सामान्य माणसांनी आपसात असा करार केला तर एक वेळ चालेल, वकिलाने केला तर ते गैरवर्तन, असं न्यायालयाने ठरवलं आणि त्या वकिलाला निलंबित केलं. प्रस्तावनेतला विचार इथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.

तुमच्या पैशांचा हिशेब ठेवणं हेही वकिलाचं कर्तव्य आहे. फी किती आणि कोर्ट फी, टायपिंग, नकला यांच्या खर्चासाठी किती, हे वेगळं लिहिलेलं हवं. खर्चासाठी दिलेली रक्कम तुमच्या लेखी संमतीशिवाय फीत वळवता येत नाही. तुमच्या नावे कोर्टातून किंवा समोरच्याकडून पैसे आले तर शक्य तितक्या लवकर तुम्हाला कळवायचं, आणि मागितल्यास हिशेबाची नक्कल द्यायची. म्हणून पावती मागताना संकोचू नका. रोख दिलेत तर त्याच दिवशी ‘आज इतके दिले’ असा मेसेज तरी पाठवून ठेवा.

फी थकली म्हणून वकील फाइल अडवून ठेवू शकतो का?

नाही. सन २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकालात काढला. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेने आपल्या वकिलाकडून फायली परत मागितल्या. त्याने आधी बिलं चुकती करा म्हणून त्या धरून ठेवल्या. न्यायालय म्हणालं, फीसाठी फायलींवर ताबा ठेवण्याचा हक्क भारतात वकिलाला नाही आणि फाइल न देणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. यामागचं कारण साधं आहे. दुकानदाराने माल अडवला तर नुकसान पैशात मोजता येतं. फाइल अडवली तर अपिलाची मुदत निघून जाते, जामीन लांबतो.

याचा अर्थ फी बुडवायला मोकळीक मिळाली असा नाही. वकील वसुलीसाठी स्वतंत्र मार्ग वापरू शकतो आणि त्याने तो वापरावा. काम करून घेऊन, निकाल हातात आल्यावर तोंड चुकवणारे पक्षकार मी कमी पाहिलेले नाहीत. तेही तितकंच चूक.

वकील बदलायचा आहे, पण जुने वकील ना हरकत देत नाहीत.

वकील निवडण्याचा आणि बदलण्याचा हक्क तुमचा आहे. आधीच्या वकिलाचं वकीलपत्र दाखल असताना नव्या वकिलाने त्याच्या संमतीशिवाय हजर होऊ नये असा नियम आहे खरा. पण त्याच नियमात पुढची वाटही दिली आहे. संमती मिळत नसेल तर नव्या वकिलाने कारण सांगून कोर्टाकडे अर्ज करायचा आणि कोर्टाच्या परवानगीने हजर व्हायचं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तिसऱ्या आदेशाप्रमाणेही पक्षकार लेखी देऊन, कोर्टाच्या परवानगीने वकीलपत्र संपवू शकतो.

उलट बाजूही पाहा. वकिलालाही मध्येच हात झटकता येत नाहीत. पुरेसं कारण हवं, तुम्हाला वाजवी आगाऊ सूचना हवी आणि न केलेल्या कामाची फी परत द्यायला हवी. साक्षीपुराव्याच्या आदल्या दिवशी ‘मी नाही येणार’ म्हणणं या नियमात बसत नाही.

माझे वकील तारखेला येतच नाहीत. आणि आता केस हरलो. दोष कुणाचा?

दोन गोष्टी वेगळ्या करू. केस हरणं म्हणजे वकिलाची चूक नव्हे. प्रत्येक दाव्यात एक बाजू हरतेच. मनापासून दिलेला सल्ला चुकला तरी ते गैरवर्तन होत नाही. महाराष्ट्र बार कौन्सिलच्याच खांडेकर प्रकरणात १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुचित सल्ला आणि चुकीचा सल्ला यांत फरक केला. नैतिक खोट नसलेली निव्वळ चूक शिस्तभंगाच्या कक्षेत येत नाही.

न येणं, न सांगणं आणि खोटं सांगणं ही निराळी बाब आहे. दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला असताना पक्षकाराला दोन वर्षं ‘तारीख पडली’ एवढंच सांगत राहणं, अशा गोष्टी घडतात. त्या माफ करण्यासारख्या नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेचा सतरावा आदेश सांगतो की ‘वकील दुसऱ्या कोर्टात आहेत’ हे तारीख मागण्याचं कारण होऊ शकत नाही, आणि एका पक्षाला सुनावणीदरम्यान तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत. व्यवहारात हे पाळलं जात नाही, हे मी आमच्याच व्यवसायाचा दोष म्हणून लिहितो.

निकाल लागल्यावर वकिलाने लगेच सांगायची गोष्ट म्हणजे अपिलाची मुदत. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. ‘पाहू नंतर’ या दोन शब्दांनी कितीतरी जमिनी गेल्या आहेत.

तुम्हीही एक करा. आपल्या प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक वकिलाकडून लिहून घ्या. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तो टाकला की पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. हे वकिलावर अविश्वास दाखवणं नव्हे.

ग्राहक न्यायालयाबद्दलही नेहमी विचारतात. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. त्यामुळे तो मार्ग बंद आहे. दिवाणी दावा आणि बार कौन्सिलकडे तक्रार हे मार्ग उघडे आहेत.

‘कोऱ्या कागदावर सह्या करून ठेवा, सोपं पडतं.’ कराव्या का?

नाही. कधीही नाही. ओळखीचा वकील असला तरी नाही.

डी. पी. चढ्ढा प्रकरणात, जे २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं, पक्षकाराने सही करून दिलेलं कोरं वकीलपत्र आणि कोरा कागद वापरून त्याच्या नकळत तडजोड दाखल केली गेली होती. न्यायालयाने व्यावसायिक गैरवर्तनाचा ठपका कायम ठेवला. पण तोवर त्या पक्षकाराने काय भोगलं असेल ते त्यालाच ठाऊक.

छापील वकीलपत्रही वाचूनच सही करा. त्यात बहुतेक वेळा तडजोड करण्याचा, दावा काढून घेण्याचा, पैसे स्वीकारण्याचा अधिकार बारीक अक्षरांत दिलेला असतो. नको असेल ते खोडायला सांगा. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमालयन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की वकिलाने पक्षकाराच्या सूचना पाळायच्या असतात, त्यांच्या जागी स्वतःचा निर्णय बसवायचा नसतो. तडजोडीच्या पुरसिशीवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) तुमची सही लागत असेल तर ती आधी कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, समजून घ्या, आणि मगच पेन उचला.

समोरच्या बाजूचा वकील मला परस्पर फोन करून ‘मिटवून टाका’ म्हणतो. चालतं का?

तुमचा वकील असताना त्याने तुमच्याशी त्या वादाबद्दल थेट बोलायचं नसतं, तुमच्या वकिलामार्फतच बोलायचं. नम्रपणे ‘आमच्या वकिलांशी बोला’ म्हणा आणि फोन आल्याचं आपल्या वकिलाला सांगा. दोन्ही पक्षकार मात्र आपसात भेटून, बोलून वाद मिटवू शकतात. त्याला कुठलीच आडकाठी नाही.

पूर्वी माझे असलेले वकील आता भावाच्या बाजूने उभे आहेत!

त्याच वादात त्यांनी तुम्हाला सल्ला दिला असेल, दावा किंवा कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) लिहून दिली असेल, तर विरुद्ध बाजूने त्यांना उभं राहता येत नाही. कोर्टाच्या लक्षात आणून द्या. कोणत्याही पक्षाशी नातं किंवा वादात हितसंबंध असेल तर काम घेतानाच ते पूर्णपणे सांगण्याचंही बंधन आहे. याच्या मागे एक साधी मानवी गोष्ट आहे. माणूस वकिलासमोर मन मोकळं करतो, ते उद्या आपल्यावरच उलटणार नाही या विश्वासावर. वर सांगितलेल्या २६/११ च्या खटल्यात कसाबसाठी न्यायालयाने नेमलेल्या वकिलांना दूर व्हावं लागलं, कारण हल्ल्यातल्या एका साक्षीदाराचं भरपाईचं काम त्यांच्याकडे होतं.

वकिलाने आणखी काय करायचं नसतं?

ज्या दाव्यात काम केलं त्याच्या दरखास्तीतल्या (निकालाच्या अंमलबजावणीतल्या) लिलावात मालमत्ता घ्यायची नाही. दाव्यासाठी पक्षकाराला कर्ज द्यायचं नाही. पक्षकाराला जामीनदार राहायचं नाही. जिथे स्वतः साक्षीदार होण्याची शक्यता आहे ते काम घ्यायचं नाही. जवळचा नातेवाईक न्यायाधीश असेल तर त्याच्यासमोर उभं राहायचं नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि स्वतः चालवलेला धंदाही नाही.

यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर वकिलांचे व्हिडिओ दिसतात. जाहिरातीला परवानगी आहे का?

काम मिळवण्यासाठी जाहिरात किंवा याचना करायला बंदी आहे. दलाल ठेवणं, स्वतःच्या गाजलेल्या खटल्यांचा गाजावाजा करणं, हेही त्यात येतं. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं दाभोळकर प्रकरण मुंबईच्या फौजदारी कोर्टांच्या दारातलं होतं. आरोपी किंवा त्याचे नातेवाईक दिसले की त्यांच्याकडे धाव घ्यायची, त्यांच्या हातातले कागद ओढायचे, असा आरोप काही वकिलांवर होता. न्यायालयाने खडसावून सांगितलं की हा पेशा म्हणजे बाजार नव्हे. २००८ पासून वकिलाला स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं देता येतं. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवा मालासारख्या विकणाऱ्या ऑनलाइन संस्थांवरही कडक भूमिका घेतली.

कायदा समजावून सांगणारा व्हिडिओ चांगलाच. ‘१०० टक्के जामीन’ असं लिहून खाली फोन नंबर देणारा मात्र नियम मोडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तुम्हाला फसवतो. निकालाची हमी देणारा वकील टाळा.

वकील एआय वापरून मसुदे लिहितात. ते योग्य आहे का?

साधन वापरायला हरकत नाही, जबाबदारी मात्र सही करणाऱ्याची. ही साधनं कधीकधी अस्तित्वातच नसलेले निवाडे पूर्ण नावानिशी लिहून देतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने अशा बनावट निवाड्यांवर विसंबलेल्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. उद्धृत केलेला प्रत्येक निवाडा मुळातून वाचणं हे वकिलाचं जुनंच कर्तव्य आहे. तुमचे कागद अशा साधनात टाकताना गोपनीयतेचं काय होतं, हेही विचारा.

वकिलांच्या संपामुळे माझी तारीख वाया गेली.

२००२ मध्ये हरीश उप्पल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलांना संपाचा किंवा कोर्टावर बहिष्काराचा हक्क नाही. वकीलपत्र घेतलेल्या वकिलाने हजर राहायलाच हवं. निषेधाचे दुसरे मार्ग आहेत, काळी फीत आहे, निवेदन आहे. तुरुंगात बसलेल्या माणसाच्या जामिनाच्या दिवशी कोर्टाबाहेर उभं राहणं मला कधीच पटलेलं नाही.

पैसेच नाहीत. मग वकील कसा मिळणार?

गरजू आणि पिचलेल्या माणसाला मोफत मदत करणं हे वकिलाचं समाजाप्रति असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक, असं नियम म्हणतात. त्याहून खात्रीचा मार्ग १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा किंवा तालुका न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात अर्ज द्या, किंवा १५१०० वर फोन करा. मोफत वकिलाचीही कर्तव्यं तीच, जी वर लिहिली आहेत. त्याने तुमच्याकडे वेगळे पैसे मागायचे नाहीत.

तक्रार करायची तर कुठे आणि कशी?

राज्य बार कौन्सिलकडे, अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली. सही आणि सत्यापन (मजकूर खरा असल्याचं लिहून देणं) केलेला लेखी अर्ज, ठरलेलं शुल्क आणि सोबत कागद. रागाचे शब्द कमी, तारखा जास्त. कोणत्या दिवशी किती पैसे दिले, काय ठरलं, काय झालं नाही, हे क्रमाने लिहा. वकीलपत्र, मेसेज, पावत्या, कोर्टाचा रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं याची नोंद) जोडा.

प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्त समितीकडे जातं. वकिलाला म्हणणं मांडायची संधी मिळते, साक्षीपुरावा होतो. समिती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, ठराविक काळ निलंबित करू शकते किंवा सनद कायमची काढून घेऊ शकते. निलंबनाच्या काळात भारतातल्या कुठल्याही कोर्टात त्याला काम करता येत नाही. तक्रार एका वर्षात निकाली न निघाल्यास ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून पुढच्या ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील.

ही समिती तुमची बुडालेली रक्कम भरून देण्यासाठी नाही, त्यासाठी दिवाणी मार्ग वेगळा. आणि केस हरल्याचा राग काढण्यासाठी तक्रार करू नका. खोट्या तक्रारीने एखाद्या प्रामाणिक वकिलाची अनेक वर्षांची पत मातीला मिळते.

तक्रार केल्यावर वकिलाने पैसे परत केले. आता ती मागे घेता येईल का?

तुम्ही तसं लेखी देऊ शकता, पण तेवढ्यानेच प्रकरण बंद होत नाही. तक्रारदाराने माघार घेतली किंवा आपसात मिटलं, एवढ्याच कारणावरून चौकशी सोडून देता येणार नाही असा बार कौन्सिलचा नियम आहे. तक्रार दाखल झाली की ती तुम्हा दोघांपुरती राहत नाही. त्या वकिलाकडे उद्या येणाऱ्या पुढच्या पक्षकाराचाही प्रश्न त्यात असतो. म्हणून पैसे परत मिळाल्याची पावती नीट ठेवा, समितीला खरं काय घडलं ते सांगा, आणि पुढचं तिच्यावर सोडा.